नागपुरात ख्रिस्ती मंडळी निवडताना या चुका टाळा

बदली होऊन शहरात आलेलं कुटुंब, लग्नानंतर वेगळ्या परंपरेच्या घरात आलेली मुलगी, ख्रिस्तावर विश्वास ठेवला पण अजून कुठेच न जोडलेला तरुण. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आम्ही कुठल्या चर्चमध्ये जावं? उत्तरही बहुतेक वेळा एकच मिळतं, "आमच्याकडे या ना!" ते प्रेमानं दिलेलं असतं, पण त्यावर आयुष्यभराचा निर्णय घेता येत नाही. सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका, अजनी, काटोल रोड एवढ्याच भागांत फिरलात तरी मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, छापील क्रमानं चालणारी उपासना, टाळ्या वाजवून होणारी स्तुती आणि घरातल्या हॉलमधली प्रार्थना असं सगळं सापडेल. मंडळी, म्हणजे एका चर्चला जोडलेला उपासकांचा समुदाय, पारखायची ती तिच्या शिकवणीवर आणि तिथल्या माणसांच्या वागण्यावर. या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय कळत नाहीत आणि आपली माणसं नेमकं विचारायलाच संकोचतात. बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

पाटीवरचं नाव वाचून ठरवणं

नागपुरात ही चूक फार होते, कारण इथल्या नावांमागे मोठा इतिहास आहे आणि तो पाटीवर मावत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय. तिची स्थापना याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट अशा सहा प्रवाहांनी एकत्र येऊन ती उभी केली. त्यामुळे सीएनआय म्हणजे जुनं इंग्रजांचं चर्च ही समजूत अपुरी आहे. सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतून आलं. १८४०च्या दशकात नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप मात्र स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. १८८३ साली सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. दोन्ही परंपरांचे लोक आज सीएनआयमध्ये आहेत. म्हणून एकाच धर्मप्रांतातल्या, म्हणजे एकाच बिशपांच्या हाताखालच्या, दोन मंडळ्यांत उपासनेची चाल वेगळी लागू शकते. एकीकडे वेदी आणि प्रार्थनापुस्तकावर भर, दुसरीकडे उपदेश हाच उपासनेचा कणा.

मेथडिस्ट नावाचाही असाच घोळ होतो. अमेरिकन मिशनमधून वाढलेले मेथडिस्ट १९७०च्या एकीकरणात शेवटच्या टप्प्यावर सामील झाले नाहीत. १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही त्यांची स्वायत्त मंडळी आहे, तिचे बिशप वेगळे आणि नियमही वेगळे. म्हणजे मेथडिस्ट घराण्यातला माणूस सीएनआयमध्येही भेटेल आणि त्या मंडळीबाहेरही.

कॅथलिकांचं तसं नाही. तिथे एका शहरातल्या सगळ्या चर्चची शिकवण एकच, आणि लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये मिस्सेची मांडणीही एकच, फरक भाषेचा आणि वेळेचा. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलचं नाव ज्या संतावरून आलं, त्याच संताच्या नावाच्या संघाचे मिशनरी फ्रान्समधल्या ॲनसीहून इकडे आले होते. केरळमधून आलेल्या ऑर्थोडॉक्स आणि मार्थोमा कुटुंबांच्या मंडळ्या आणखी निराळ्या. कळमेश्वरजवळ ऑर्थोडॉक्सांची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, आहे, हे तर कित्येक जुन्या नागपूरकरांनाही माहीत नसतं. पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) आणि स्वतंत्र मंडळ्यांत मात्र नावावरून जवळजवळ काहीच कळत नाही. तिथे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, कोण, तो कोणाला उत्तर देतो, हे बघावं लागतं. ॲडव्हेंटिस्टांची उपासना शनिवारी असते, रविवारी जाऊन दार बंद म्हणून परत येऊ नका.

तेव्हा पाटी वाचा, पण पाळकांना वा फादरांना भेटून विचारा: तुमची मंडळी कोणत्या परंपरेतून आली? वरची जबाबदारी कोणाची? विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, उपासनेत म्हणता का? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं मोल मोठं आहे. ३२५ साली निकेया इथं मांडलेला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवावरचा विश्वास कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सीएनआय, मेथडिस्ट सगळ्यांना सामाईक आहे. येशूचं नाव घेणारा एखादा गट हे त्रैक्य नाकारत असेल, तर तो वेगळा धर्मविचार आहे. दारापर्यंत येऊन गोड बोलणारे सगळे ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगत नाहीत.

एका रविवारवर भाळणं, किंवा एका रविवारवर रुसणं

गायन सुंदर होतं, डोळ्यांत पाणी आलं, चला हीच आपली मंडळी. किंवा कोणी साधं नाव विचारलं नाही, पुन्हा जायचं नाही. दोन्ही निर्णय घाईचे. नाताळ आणि ईस्टरला तर कोणत्याच मंडळीचा अंदाज बांधू नये. त्या दिवशी प्रत्येक चर्च भरलेलं असतं आणि प्रत्येक गायकमंडळ महिनाभराच्या तयारीनं उभं असतं. जूनमधल्या एखाद्या साध्या रविवारी जा. कोरडा, ठरलेला उपदेश ऐका. नंतर व्हरांड्यात उभे राहा. म्हाताऱ्या बाईचा हात धरून कोणी तिला ऑटोत बसवतं का, घरकाम करणाऱ्या बाईशी आणि अधिकाऱ्याच्या बायकोशी लोक एकाच सुरात बोलतात का, जातीचा उल्लेख दबक्या आवाजात होतो का, हे बघा. आपल्या मंडळ्यांत जात पुसली गेलेली नाही. लग्नं जुळवताना ती वर येते आणि नव्यानं आलेल्या माणसाला ते फार लागतं. ज्या मंडळीत यावर मोकळेपणानं बोललं जातं, ती मला अधिक विश्वासाची वाटते.

उपदेश पवित्र शास्त्रातून येतो की पाळकाच्या स्वप्नांतून, याकडेही कान द्या. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहत होते आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. प्रश्न विचारल्यावर जिथे पाळकाचा चेहरा उतरतो, तिथून थोडं दूरच राहावं.

बाप्तिस्म्याचा प्रश्न शेवटावर ढकलणं

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मेथडिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारी ख्रिस्ती दीक्षा, देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करणाऱ्यालाच, तोही पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा देतात आणि बाळपणीचा बाप्तिस्मा मोजत नाहीत. सीएनआयमध्ये दोन्ही पद्धतींना जागा आहे, कारण बॅप्टिस्ट आणि ब्रदरन एकत्र आले तेव्हा त्यांची श्रद्धा सोबत घेऊनच आले. कॅथलिक चर्च सीएनआयचा बाप्तिस्मा पुन्हा करायला सांगत नाही. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं दिलेला बाप्तिस्मा एकदाच होतो, असं ते मानतं.

आता असं होतं. बाळपणी बाप्तिस्मा झालेली तरुणी मैत्रिणीबरोबर नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे एका स्वतंत्र मंडळीत, जाऊ लागते. काही महिन्यांनी तिला सांगतात, तुझा खरा बाप्तिस्मा झालाच नाही, या रविवारी घे. ती घेते. घरी आई रडते, कारण आईच्या लेखी लेकीनं आपल्या आईबापांची श्रद्धा खोटी ठरवली. या प्रकरणात कोणी दुष्ट नाही. फक्त प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायचा राहून गेला. बाप्तिस्मा पुन्हा घ्यायला सांगतात का, हे जोडण्याआधी स्पष्ट विचारा. उत्तर होय असेल तर घरच्यांशी आणि जुन्या पाळकांशी बोलून मगच पुढे जा, आणि कोणी या रविवारीच म्हणत असेल तर पुढचा रविवार मागून घ्या.

प्रभुभोजनाचंही, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीचंही, आधीच विचारावं. सीएनआयमध्ये इतर मंडळ्यांचे सभासद सहसा प्रभुभोजन घेऊ शकतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तसं नाही. पाहुणा म्हणून गेलात तर रांगेत उभं न राहता जागेवर बसून प्रार्थना करा, त्यात कमीपणा काहीच नाही. कॅथलिक व्हायचं असेल तर प्रौढांसाठी काही महिन्यांची शिकवणी असते आणि प्रवेश बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत होतो. ही वाट लांब वाटते, पण विचार करायला मिळणारा तो वेळ मला मोलाचा वाटतो.

लग्नासाठी, शाळेसाठी सभासद होणं

मुलाला चांगल्या मिशन शाळेत प्रवेश मिळावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणारे आईवडील असतात. त्यांची काळजी खरी आहे. पण दाखला मिळाल्यावर चर्चमध्ये पाऊल न टाकणाऱ्या घरात ते मूल काय शिकतं, याचा विचार त्यांनीच करावा.

लग्नाचं जास्त गुंतागुंतीचं. कॅथलिक मुलगा आणि सीएनआयची मुलगी असं लग्न होऊ शकतं, पण कॅथलिक बाजूला बिशपांची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन, असं वचन द्यावं लागतं. हे वचन दिल्याचं दुसऱ्या बाजूला आधीच सांगावं लागतं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नाही. दोघांनी एकाच चर्चमध्ये जायचं ठरवलं असेल तर कोणी कोणासाठी काय सोडलं, हे उघड बोलून ठेवा. न बोललेला त्याग पुढे प्रत्येक भांडणात वर येतो.

दफनाचा विषय कोणाला काढवत नाही, मी काढतो. दफनभूमीत जागा आणि शेवटची उपासना यांचे नियम मंडळीगणिक वेगळे असतात. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधी विचारून घ्या. शोकाच्या घरात सभासदत्वाची वही उघडायची वेळ येऊ नये.

पैसा आणि आजार यांबाबत गप्प बसणं

इथे मला कडक बोलायचं आहे. प्रार्थनेनं बरं वाटतं, यावर माझा विश्वास आहे. पण साखरेच्या गोळ्या, फिटचं औषध, टीबीचा कोर्स, केमो बंद करा म्हणणारा पाळक माणसाचा जीव धोक्यात घालतो. अशा सभेतून त्याच दिवशी उठा आणि तुमच्या मागे बसलेल्या आजारी माणसालाही सांगा. नागपूरच्या जुन्या मिशनांनी याच शहरात दवाखाने उभारले आणि औषधाला देवाची देणगी मानलं.

अर्पण आणि दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देणं ही उपासनाच आहे. पण "अमुक रकमेचं बी पेरा, दुप्पट मिळेल" हा हिशोब सुवार्तेचा नाही. विचारायचं ते एवढंच: खातं कोणाच्या नावावर आहे? सह्या किती जणांच्या? दरवर्षी हिशोब सभासदांपुढे वाचतात का? सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेला हिशोब ठेवावे लागतात, त्यांचं लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. चर्चची मोटार, घर, जमीन सगळं एकाच कुटुंबाच्या नावावर असेल, तर उपदेश कितीही गोड असो, सभासदत्वाच्या वहीत सही करू नका.

घरच्यांना फरफटत नेणं

कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मिळाला. पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांचा निर्णय काही वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या पावलांनी झाला. त्यांचा विश्वास पुढे इतका भक्कम का राहिला, हे मला त्यातच दिसतं. नवऱ्यानं ठरवलं म्हणून अख्खं घर एका रविवारी हललं, असं करू नका. मुलांना शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधली रविवारची शाळा, कुठे आवडते, सासूबाईंना कोणत्या भाषेत प्रार्थना करता येते, हे विचारा. भाषेचं महत्त्व कमी लेखू नये. हिंदी, इंग्रजी उपासना समजते सगळ्यांनाच, पण आजारपणात माणूस आपल्याच भाषेत देवाशी बोलतो. मराठी उपासना आणि टिळकांची भजनं जिथे आहेत, तिथे मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटतं.

ख्रिस्ती नसलेल्या घरातून येणाऱ्यांनी आणखी एक बाब डोळे उघडे ठेवून पाहावी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. हे लपवून बाप्तिस्म्याला नेणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे. कागदपत्रांचं वकिलाला विचारा आणि मनाचा निर्णय स्वतः घ्या.

आधीच जोडला गेला असाल आणि मन लागत नसेल तर

न सांगता गायब होऊ नका. पाळकांना वा फादरांना वेळ मागून भेटा आणि कारण स्पष्ट सांगा. पुष्कळदा कारण शिकवणीचं नसून एखाद्या कमिटी मेंबरच्या बोलण्याचं असतं आणि ते तिथेच मिटू शकतं. शिकवणच पटत नसेल तर सभासदत्वाचं पत्र मागा, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) यांच्या नोंदींचे दाखले घ्या. बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या वहीतच त्याची नोंद असते, म्हणून त्या गावचं आणि चर्चचं नाव लिहून ठेवा.

पाळक पत्र देत नसतील, शाप लागेल म्हणत असतील किंवा इतरांना तुमच्याशी बोलायला मना करत असतील, तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे बिशपांना किंवा चर्चच्या जिल्हा अधीक्षकांना, लेखी कळवा आणि अर्जाची एक प्रत जवळ ठेवा. स्वतंत्र मंडळीत वर कोणीच नसेल तर पत्राविना नव्या ठिकाणी जा आणि तिथल्या पाळकांना झालेलं सगळं खरं सांगा. नव्या मंडळीत लगेच सभासद होऊ नका. निदान एक उपवासकाळ (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) आणि एक ईस्टर तिथे साधा उपासक म्हणून काढा आणि दरम्यान एकदा तरी मंडळीची वार्षिक सभा मागे बसून ऐका.