छोट्या पाणबुडीतला सोडा लाइमचा डबा कसा भरावा

बंद पाणबुडीत ऑक्सिजन कमी पडण्याच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइडचा त्रास सुरू होतो. ६ घनमीटरच्या केबिनमध्ये ३ माणसं आहेत आणि प्रत्येकजण ताशी २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरा. हवा शुद्ध होत नसेल तर २४ मिनिटांत प्रमाण ०.५ टक्क्यावर जातं, तासाभरात सव्वा टक्क्यावर. ३ टक्क्यांच्या आसपास डोकं ठणकतं, धाप लागते.

हा वायू शोषून घेणारे दाणे म्हणजे सोडा लाइम. किलोभर सोडा लाइम १०० लिटर वायू शोषेल असा हिशेब ठेवा. कागदावर आकडा याहून मोठा येतो, पण डब्यातला प्रत्येक दाणा कधीच कामी येत नाही. म्हणजे माणशी ताशी पाव किलो. तिघांच्या १० तासांच्या बुडीला साडेसात किलो लागेल. ९६ तासांच्या राखीव साठ्याचे ७२ किलो वेगळे.

खरं काम भरण्यात आहे. हातमोजे, गॉगल, मास्क घाला. हा पदार्थ दाहक आहे. दाणे चाळून भुकटी काढा. डबा एक तृतीयांश भरा, कडेवर तळव्यानं थापट्या मारा, दाणे बसले की पुढचा थर घाला. दाबून ठेचू नका, त्यानं पुन्हा भुकटी होते. वरची स्प्रिंगची जाळी घट्ट बसवून डबा कानाशी हलवा. खळखळ ऐकू आली तर तो उघडून पुन्हा भरायचा, कारण हवा सोपी वाट शोधते. भिंतीलगत बोटभर पोकळी राहिली तर बाकीचे दाणे ताजे असूनही वायू तिथूनच निसटतो.

सोडा लाइममध्ये १५ ते २० टक्के पाणी असतं. उघड्या डब्यात ते सुकतं आणि सुकलेले दाणे नीट शोषत नाहीत. थंडीतही ते मंदावतात, म्हणून डबा पाणबुडीच्या गार बाहेरच्या कवचाला टेकवू नका, त्याला उबदार आवरण घाला. त्याच कामाचं लिथियम हायड्रॉक्साइड थंडीत जास्त चांगलं चालतं, पण त्याची धूळ घशाला फार झोंबते.

डब्यातून हवा फिरवणारा पंखा सुरू झाल्यावर डब्याला हात लावून बघा. रासायनिक क्रियेमुळे एक कोमट पट्टा तयार होतो आणि तो हवा शिरते त्या टोकाकडून हळूहळू पुढे सरकतो. तासाभरानंतरही डबा गारच असेल तर आधी पंखा तपासा, मग भरण. वापरून संपले की रंग बदलणाऱ्या दाण्यांवर विसंबू नका. जांभळे झालेले दाणे थोडा वेळ पडून राहिले की पुन्हा पांढरे दिसतात. डबा बदलायचा तो कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरच्या आकड्यावरून.

हा डबा ऑक्सिजन देत नाही. शोषलेल्या वायूमुळे केबिनचा दाब उतरत जातो, तो सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडून पूर्ववत करावा लागतो.