पार्सलमधून आलेल्या गोगलगायी कशा सांभाळाव्यात
पार्सल उघडलं की मी गोगलगायी मोजत बसत नाही, आधी पाण्याचं बघते. आमच्या प्रयोगशाळेतल्या बायोम्फलेरिया ग्लाब्राटा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीला क्लोरीन सोसत नाही आणि तांबं तर विषच. तांब्याच्या नळीतून आलेलं पाणी अजिबात नको. क्लोरीन काढलेलं, हवा खेळवलेलं पाणी साधारण २६ अंशांवर ठेवा. खायला लेट्यूस, कवचासाठी थोडं कॅल्शियम कार्बोनेट. कुजकं पान, मेलेली गोगलगाय दिसताक्षणी काढा.

शिस्टोसोमा मॅन्सोनी या परजीवी कृमीची लागण झालेल्या गोगलगायी मात्र वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात, अंधारात. उजेड पडला की सर्केरिया, म्हणजे या कृमीच्या पोहणाऱ्या अळ्या, गोगलगायीतून बाहेर पडतात आणि माणसाच्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. म्हणून लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कोट. पाणी सांडलंच तर लगेच ७० टक्के अल्कोहोल. नव्याने येणाऱ्यांना हे मी पहिल्याच दिवशी करून दाखवते, मग त्यांच्याकडून करून घेते.