ट्रेस ऑक्सिजन अ‍ॅनालायझर: स्पॅनला हात लावण्याआधी लाइन बघा

ट्रेस ऑक्सिजन अ‍ॅनालायझर म्हणजे गॅसमधला अगदी थोडा ऑक्सिजन मोजणारं यंत्र. झिरो म्हणजे काय, स्पॅन म्हणजे काय (ऑक्सिजनचं प्रमाण माहीत असलेला गॅस देऊन रीडिंग त्या आकड्याशी जुळवणं), मेन्यूत कुठे जायचं, हे मॅन्युअलमध्ये आहे. ते तुम्ही वाचलंय असं धरून चालतो. टक्क्यांतला ऑक्सिजन मोजायची सवय घेऊन पीपीएमकडे, म्हणजे दहा लाखांत किती भाग या मोजणीकडे, येणाऱ्याची सुरुवातीची कॅलिब्रेशन्स वाईट जातात. माझी तर अशी गेली की अजूनही ८ पीपीएमचा सिलिंडर जोडताना पोटात गोळा येतो.

सगळी मेख लीकमध्ये आहे. नवीन माणूस म्हणतो, लाइनमध्ये प्रेशर आहे, मग गॅस बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? येते. ऑक्सिजन एकूण प्रेशर बघत नाही, स्वतःचं आंशिक प्रेशर, म्हणजे एकूण प्रेशरमधला आपला वाटा, बघतो. बाहेरच्या हवेत ते सुमारे ०.२१ बार. आत ४ बार अ‍ॅब्सोल्यूट नायट्रोजन आणि त्यात ८ पीपीएम ऑक्सिजन असेल, तर आतलं आंशिक प्रेशर ०.००००३२ बार. बाहेर सहा हजार पटींहून जास्त. त्यामुळे फेरूलमधल्या (नळीच्या जोडातली घट्ट बसणारी रिंग) सूक्ष्म फटीतून, नळीच्या भिंतीतूनसुद्धा ऑक्सिजन प्रवाहाच्या उलट आत शिरत राहतो. म्हणूनच स्टेनलेस स्टीलची नळी हवी. सिलिकॉनची तर नकोच, पण पीटीएफई (टेफ्लॉन) सुद्धा नको. ती रसायनांना दाद देत नाही, ऑक्सिजनला मात्र सहज वाट देते.

आता हा लीक नेमकं काय करतो ते बघा. ८ पीपीएमचा गॅस आहे, रेग्युलेटरच्या जोडात लीक आहे, आणि अ‍ॅनालायझर ११ दाखवतोय. सेन्सर सरकलाय असं समजून तुम्ही स्पॅन ८ वर आणलात. रिपोर्ट झकास. पण आता प्रत्येक रीडिंग ०.७३ ने गुणलं जातंय. प्रोसेस लाइनला तो लीक नाही, तिथे खरे १० पीपीएम असले तर स्क्रीनवर ७.३ दिसतील. अलार्म ८ वर असेल, तर तो खऱ्या ११ ला वाजेल. लीक बेरीज करतो, स्पॅन गुणाकार करतो. एकाची चूक दुसऱ्याने झाकली की दोन्ही सापडत नाहीत.

साबणाच्या फेसावर भरवसा ठेवू नका. अर्धा लिटर प्रति मिनिट प्रवाहात ३ पीपीएम वाढायला मिनिटाला ०.००१५ मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो. एवढ्यासाठी बुडबुडा येत नाही. त्यापेक्षा प्रवाह दुप्पट करा, अर्थात सेन्सरच्या मर्यादेत राहून. लीक असेल तर रीडिंग ११ वरून ९.५ च्या आसपास उतरेल, कारण तेवढाच ऑक्सिजन आता दुप्पट गॅसमध्ये मिसळतोय. दीडचा फरक, म्हणजे मुळात तीनचा लीक, म्हणजे गॅस खरोखर ८ चाच आहे. रीडिंग उलट वाढलं तर व्हेंटकडचं, म्हणजे गॅस बाहेर जातो तिथलं, बॅकप्रेशर (अडून मागे साठणारा दाब) तपासा. रोटामीटर (प्रवाह मोजणारी नळी) सेन्सरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला लावा. आधी लावलात तर त्याच्या सीलमधून येणारी हवाही तुम्हीच मोजाल.

रेग्युलेटरचा पर्ज, म्हणजे आतली हवा गॅसने धुऊन काढणं, हा दुसरा घोळ. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून ठेवून पर्ज करायचा नाही, नाहीतर रेग्युलेटरमध्ये अडकलेली हवा सिलिंडरमध्ये शिरू शकते आणि महागडा गॅस कायमचा बिघडतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, बंद करा, मग प्रेशर सोडा. १० बार अ‍ॅब्सोल्यूटवरून १ वर आलात की हवा दर वेळी दहापट पातळ होते, म्हणजे सहा वेळांत हिशोबाने ०.२ पीपीएमवर येते. कोपऱ्यातली हवा हिशोब मानत नाही, म्हणून मी जास्तच वेळा करतो.

"हवेवर स्पॅन मारून टाक, लवकर होतं," असं सांगणारे सिनियर भेटतील. गॅल्व्हॅनिक सेलला (ऑक्सिजनवर बॅटरीसारखा करंट देणारा सेन्सर) ते काही ठिकाणी चालतं, मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. पण २,०९,५०० पीपीएम पाहिलेला सेल एक अंकी आकड्यावर उतरायला कित्येक तास घेऊ शकतो, आणि तोपर्यंत त्या सिनियरची शिफ्ट संपलेली असते. उशीर लागला म्हणून घाबरू नका. रीडिंग हळूहळू पण सतत उतरतंय, तोवर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. ते एका आकड्याला चिकटून बसलं तर मात्र स्क्रीन सोडा आणि पाना घ्या.

व्हेंट खोलीत सोडू नका. नायट्रोजनला वास नसतो, तो साठून ऑक्सिजन कमी झाला तरी कळत नाही.

आणि नोंद करताना अ‍ॅडजस्टमेंटआधीचं रीडिंग दोन्ही प्रवाहांवर लिहा, नुसतं नंतरचं नाही. पुढच्या खेपेला दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात घसरलेले दिसले तर सेल म्हातारा होतोय. दोघांमधलं अंतर वाढलं असेल तर कुठलातरी जोड सैल झालाय.