बेळगावात सॉफ्टवेअर कंपनी चालवताना कायद्याची बाजू कशी सांभाळावी

वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी लागते. बेळगावच्या माणसाला शिनोळी परगाव वाटत नाही, पण मधल्या त्या थोड्या अंतरात राज्य बदललेले असते. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. सॉफ्टवेअरचा व्यवसाय बेळगावातून करणाऱ्याने प्रत्येक कागदावर सही करण्यापूर्वी हे काम कोणत्या राज्याच्या कोणत्या कायद्याखाली येते हे स्वतःला विचारावे, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्या भागातील लहान कंपन्यांच्या चुका बहुतेक इथेच होतात.

पहिली पायरी कंपनीच्या स्वरूपाची आणि पत्त्याची आहे. खासगी मर्यादित कंपनीसाठी किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. मर्यादित दायित्व भागीदारीचे, म्हणजे एलएलपीचे, वार्षिक काम तुलनेने हलके असते. दोन-तीन मित्र गावातील ग्राहकांसाठी काम करणार असतील आणि बाहेरचे भांडवल घ्यायचे नसेल, तर माझ्या मते एलएलपीच बरी. पत्त्याच्या पुराव्याबाबत मात्र आताच सावध राहावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी जुन्या कागदांवर बेळगाव आणि इंग्रजीत बेलगाम अशी नावे अजून आहेत. आधार, भाडेकरार, हेस्कॉमचे वीजबिल आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून घरक्रमांक, गल्ली, पिनकोड आणि मालकाचे नाव ओळीने जुळवून पाहावे. मालकाचे निधन झाले असून बिल अजून त्यांच्याच नावावर येत असेल, तर वारसांचे संमतिपत्र व त्यासोबतचे कागद अर्जाआधीच तयार ठेवावेत.

नोंदणीनंतर खासगी कंपनीने १८० दिवसांच्या आत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा दाखल करायची असते, आणि ती अनेकांच्या ध्यानातून निसटते. भागधारकांनी ठरलेली रक्कम कंपनीच्या खात्यात भरल्याशिवाय ही घोषणा करता येत नाही, म्हणून बँकेचे खाते आधी उघडावे.

दुसरी पायरी स्थानिक नोंदणीची. कार्यालय सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा, १९६१ याखाली कामगार खात्याकडे नोंदणी करावी. नामफलकाबद्दल आपल्या भागात भावना तीव्र आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्या माझ्याही आहेत. तरीही फलक रंगवायला देण्यापूर्वी नियम वाचलेला बरा. २०२४ च्या दुरुस्तीनुसार फलकावरील ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि वरच्या भागात असावा लागतो, तर उरलेल्या जागेत दुसरी भाषा लिहिता येते. त्या जागेत मराठी ठळक व देखणी लिहून घ्यावी.

पगारपत्रकातही सीमा आडवी येते. कर्नाटकात व्यवसाय कर दरमहा २५,००० रुपये वा त्याहून अधिक पगारावर लागतो. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याला तो याहून बऱ्याच कमी पगारापासून लागतो. त्यामुळे कोल्हापुरातील हिशेबनिसाकडून पगारपत्रक करून घेणाऱ्या कंपनीत १८,००० रुपये पगाराच्या मुलाचे दरमहा २०० रुपये विनाकारण कापले जाऊ शकतात. नियुक्तिपत्रात कामाचे ठिकाण स्पष्ट लिहावे आणि त्याच राज्याचा तक्ता लावावा. कंपनीला स्वतःच्या नावाचाही व्यवसाय कर वर्षाला भरावा लागतो, तो वेगळा.

माणसे वाढू लागली की दहाव्या नेमणुकीपाशी थांबून हिशेब करावा. दहा कर्मचारी झाले की २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. त्याच वेळी लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक होते. समितीच्या प्रमुख महिलाच असाव्या लागतात, निम्म्याहून कमी सदस्य महिला असून चालत नाही, आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. समिती केवळ कागदावर ठेवू नये. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात, म्हणून बाहेरचा सदस्य खरोखरच बाहेरचा, मालकाच्या नात्यागोत्यापलीकडचा निवडावा. भविष्यनिर्वाह निधी वीस कर्मचाऱ्यांपासून येतो.

तिसरी पायरी बिलाची. हिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे प्रत्यक्ष इथेच अडकतात. माझ्या पाहण्यातील तीन जणांच्या एका कंपनीने शिनोळीच्या कारखान्याला साठ्याच्या नोंदीचे सॉफ्टवेअर करून दिले. एक लाखाच्या बिलावर नेहमीच्या सवयीने ९,००० केंद्रीय आणि ९,००० राज्य जीएसटी लावला. बेरीज तीच १,१८,००० आली, पण ग्राहकाचा जीएसटी क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्याने, सुरू होत होता आणि यांचा २९ ने, म्हणजे कर्नाटकाच्या. व्यवहार आंतरराज्य असल्याने १८,००० रुपये एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, म्हणून दाखवायला हवे होते. कारखान्याला त्या कराची वजावट मिळेना, म्हणून त्याने पैसे रोखून धरले. अशी चूक झालीच तर योग्य शीर्षकाखाली कर पुन्हा भरावा लागतो आणि आधी चुकीचा भरलेला कर परत मागता येतो. त्यावर व्याज लागत नाही, मात्र परताव्याचा अर्ज योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. तोवर लहान कंपनीचे भांडवल गुंतून पडते.

म्हणून बिल करण्यापूर्वी ग्राहकाच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहावेत. एकाच उद्योजकाचे कार्यालय बेळगावच्या उद्यमबागेत आणि कारखाना शिनोळीत असेल, तर त्याच्याकडे दोन क्रमांक असतात. कोणत्या नोंदणीसाठी काम आहे, हे खरेदी आदेशावर लिहून घ्यावे. ग्राहकाची नोंदणीच नसेल, तर त्याचा पूर्ण पत्ता नोंदवावा, कारण त्यावरूनच पुरवठ्याचे ठिकाण, म्हणजे सेवा कोणत्या राज्यात दिली, हे ठरते. परदेशी ग्राहकासाठी कर न भरता निर्यात करायची असेल, तर हमीपत्र दरवर्षी नव्याने, आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास दाखल करावे.

चौथी पायरी कराराची. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. निपाणीत घरी बसून सुटे काम करणाऱ्या मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम मात्र पैसे दिले म्हणून कंपनीचा होत नाही. लेखी आणि सहीचे हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. त्यामुळे ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द करारात आलेच पाहिजेत. वादासाठी कोणते न्यायालय, हेही वाचूनच मान्य करावे. बेळगावचा दावा अपिलात धारवाड खंडपीठाकडे जाऊ शकतो, तर कोल्हापूरचा मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील सर्किट खंडपीठाकडे, जे ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले.

पाचवी पायरी लोकांच्या माहितीची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. खानापूरच्या एखाद्या पतसंस्थेचे ॲप आपण बनवले, तर सभासदांची माहिती कशासाठी वापरायची हे पतसंस्था ठरवते, म्हणून कायद्यापुढे उत्तर तिने द्यायचे असते. तरीही तिच्याशी लेखी करार लागतो आणि सुरक्षेची कलमे त्यात आपल्यावर येतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

याच कायद्यात आपल्या भागासाठी एक मोलाची तरतूद आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो, आणि मराठी व कन्नड दोन्ही त्या यादीत आहेत. ॲपचा आराखडा करतानाच तिन्ही भाषांचे बटण ठेवावे आणि मजकूर यंत्राकडून उतरवून न घेता जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावा. येळ्ळूरच्या आजीला ‘तुमचा फोन क्रमांक आणि आधारची प्रत आम्ही कर्जाच्या अर्जासाठी घेत आहोत, ही संमती तुम्ही कधीही मागे घेऊ शकता’ हे वाक्य एका वाचनात कळले, तरच ती संमती खरी.

शेवटची तयारी अपघाताची. सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तास फार थोडे असतात. रविवारी पहाटे सर्व्हर बंद दिसला तर पहिला फोन कोणाला, कळवण्याचा मजकूर कोण लिहिणार, पतसंस्थेत कोणाला उठवायचे, हे एका पानावर लिहून ते पान कार्यालयात लावावे आणि त्याची प्रत प्रत्येकाच्या घरी ठेवावी. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पान बदलावे.