दणदणाट आहे, पण गोष्ट कुठाय? ॲक्शनपट लिहिताना या चुका टाळा

पडद्यावर इमारत कोसळत असताना प्रेक्षक मोबाइलमध्ये डोकं घालत असेल, तर चूक इमारतीच्या आकारात शोधू नका. ती बहुतेक वेळा बरीच आधी झालेली असते. या माणसाला काय हवंय आणि ते हातचं गेलं तर त्याचं काय बिघडेल, हे सांगायचंच राहून गेलेलं असतं. ही उणीव मग आणखी गाड्या उडवून भरून काढायचा प्रयत्न होतो, आणि तिथून सिनेमा हाताबाहेर जातो.

मला ॲक्शनपट मनापासून आवडतात. हा प्रकार कमी दर्जाचा आहे असं मानणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. चांगली हाणामारी म्हणजे शब्दांशिवाय सांगितलेली गोष्ट असते आणि ती रचायला पक्कं डोकं लागतं. म्हणूनच नुसत्या भपक्यावर वाया गेलेला सिनेमा पाहिला की चुटपुट लागते. लिहिणाऱ्यांनी, छोट्या फिल्म करणाऱ्यांनी आणि एडिटरनी या चुका वेळेवर ओळखाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

आधी स्टंट, मग गोष्ट

मोठ्या सिनेमांत हे का घडतं, त्याला व्यवहारातलं कारण आहे. व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवण्याच्या कामाला महिनोन् महिने लागतात. त्यामुळे मोठे प्रसंग लवकर पक्के करावे लागतात आणि कॉम्प्युटरवर त्यांचा कच्चा आराखडाही तयार होतो. पटकथेवर मात्र तोवर काम चालूच असतं. मग लेखकाच्या वाट्याला एवढंच उरतं की नायकाला या स्टंटवरून त्या स्टंटपर्यंत कसंबसं पोहोचवायचं. अशा सिनेमात दर वीस मिनिटांनी कोणीतरी येऊन 'ती वस्तू आता अमुक ठिकाणी आहे' असं सांगतो आणि सगळे तिकडे निघतात.

यासाठी सोपी तपासणी आहे. मारामारीचा प्रसंग पटकथेतून काढून टाका आणि पुढचं पान वाचा. काहीच अडलं नाही, तर तो प्रसंग उपराच आहे.

'शोले'तला (१९७५) ट्रेनवरचा हल्ला असा काढून बघा. इन्स्पेक्टर ठाकूर जय आणि वीरूला पकडून नेत असतो, डाकू गाडीवर तुटून पडतात, दोघांच्या बेड्या निघतात आणि ते ठाकूरच्या बाजूने लढतात. ठाकूर जखमी होतो. आता पळायचं की त्याला दवाखान्यात पोचवायचं, याचा निकाल जय नाणं उडवून लावतो. या एका प्रसंगात दोघांचं शौर्य कळतं, आतला चांगुलपणा कळतो आणि ठाकूर पुढे यांनाच का बोलावतो तेही कळतं. ते नाणं तर थेट शेवटापर्यंत पोचतं, तेव्हा कळतं की त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. ट्रेन काढली तर सिनेमा उभाच राहत नाही.

नायकाला काहीच होत नाही

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

नायक दहाव्या मजल्यावरून पडतो, कपडे झटकतो आणि पुढे चालायला लागतो. पहिल्यांदा टाळ्या पडतात. दुसऱ्यांदा प्रेक्षकाच्या मनात नकळत हिशोब होतो की याला काही होणार नाही. एकदा तो हिशोब झाला की पुढच्या प्रत्येक संकटातली भीती निघून जाते.

'डाय हार्ड'मध्ये (१९८८) ब्रूस विलिसचा जॉन मॅक्लेन विमानातून उतरतो तेव्हा शेजारचा प्रवासी त्याला सांगतो की प्रवासाचा ताण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं मुठीसारखी आवळ. बायकोच्या ऑफिसच्या इमारतीत पोचल्यावर तो हे करत असतो, तेवढ्यात गोळीबार सुरू होतो आणि त्याला अनवाणीच पळावं लागतं. विमानातलं ते साधं बोलणं असं हळूच कामाला येतं. पुढे खलनायक हान्स ग्रूबर ओलीस असल्याचं नाटक करून त्याला समोरासमोर भेटतो, आणि त्याचे उघडे पाय हेरतो. नंतर चकमक पेटते तेव्हा तो आपल्या माणसाला काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. खलनायक इथे डोक्याने लढतो आणि ती चालही आपल्या डोळ्यांदेखत सुचलेली असते.

पण खरी कमाल त्यानंतर आहे. मॅक्लेन बाथरूममध्ये बसून तळपायातल्या काचा उपसतोय, रक्त वाहतंय, आणि वायरलेसवर बाहेरच्या पोलिसाशी बोलतोय. आपण वाचणार नाही असं वाटून तो बायकोसाठी निरोप देतो. प्रेमाचं तिने हजारदा ऐकलंय, माफी मात्र माझ्या तोंडून कधीच ऐकली नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. मोडायला आलेला संसार हा सिनेमाचा खरा विषय, आणि तो या जखमेतून बाहेर पडतो. बूट घालून हा माणूस ते कधीच बोलला नसता.

तेव्हा लिहिताना स्वतःला विचारा, या मारामारीत नायकाचं काय गेलं? रक्तच सांडायला हवं असं नाही. विश्वास जाऊ शकतो, वेळ जाऊ शकतो, एखादा मित्र दुरावू शकतो. पण जे गेलं ते पुढच्या प्रसंगात जाणवलं पाहिजे. लंगडणारा पाय दोन मिनिटांत बरा झाला, तर आधीची मेहनत पाण्यात.

जग वाचवायचं, पण कुणासाठी?

संकट जितकं मोठं तितकी उत्कंठा जास्त, ही समजूत खोटी आहे. अख्खी पृथ्वी नष्ट होणार म्हटलं की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण तसं होणार नाही हे त्याला ठाऊक असतं. एक मूल, एक बहीण, एक शब्द दिलेला मित्र यांचं मात्र काहीही होऊ शकतं.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) म्हणजे जवळजवळ सलग पाठलाग. तरीही तो आतून रिकामा वाटत नाही, कारण त्यातली नाती धावत्या गाड्यांवरच बदलत जातात. सुरुवातीला मॅक्सला बांधून त्याचं रक्त जबरदस्तीने काढलं जातं. शेवटी तोच सोबत लढणाऱ्या फ्युरिओसाला वाचवायला आपलं रक्त देतो आणि तेव्हा कुठे तिला आपलं नाव सांगतो. नळी तशीच, रक्त तेच, माणूस मात्र बदललाय.

कोण कुठे आहे तेच कळत नाही

हलता कॅमेरा आणि सेकंदाला दोन-दोन कट यांनी वेग येतो असं वाटतं. खरं तर बऱ्याचदा त्यातून गोंधळच निघतो. ठोसा कुणी मारला, दार कुठल्या बाजूला होतं, शत्रू किती उरले, हे कळेनासं झालं की प्रेक्षक अंदाज बांधायचं सोडून देतो. अंदाजच नसेल तर भीतीही नाही आणि आशाही नाही.

अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) या बाबतीत आजही शाळा आहे. दरोडेखोरांपासून एक गाव वाचवायला सात सामुराई, म्हणजे तलवारबाज योद्धे येतात. लढाई होण्याआधी गावाचा नकाशा आपल्यासमोर येतो, कुठली वाट अडवायची आणि कुठली मुद्दाम मोकळी ठेवायची हे ठरतं. दरोडेखोर चाळीस. सामुराईंचा म्होरक्या कांबेई त्यांच्यासाठी कागदावर गोल काढून ठेवतो आणि माणूस पडला की एकेक गोल खोडतो. त्यामुळे मुसळधार पावसात, चिखलात शेवटची झुंज पेटते तेव्हाही किती बाकी आहेत हे आपल्याला माहीत असतं. दरोडेखोरांकडे तीन बंदुका आहेत हेही माहीत असतं. जे चार सामुराई मरतात ते सगळे गोळीने मरतात, तलवारीने एकही नाही. कौशल्याचा काळ संपत चाललाय, हे कुणी भाषण ठोकून सांगत नाही, लढाईच सांगते.

जलद कट वाईटच असतात असं मात्र नाही. 'फ्युरी रोड'मध्ये कट भरपूर आहेत, पण महत्त्वाची गोष्ट बहुतेक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवलीय, त्यामुळे कट बदलला तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्याच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तुमच्याकडे फोन आणि चार मित्र एवढंच असलं तरी हे जमण्यासारखं आहे: आधी एक वाइड शॉट देऊन जागा दाखवा, मग जवळ जा. दोन माणसांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा, नाहीतर डावीकडचा माणूस अचानक उजवीकडे दिसायला लागतो.

सगळं आधीच दाखवून टाकणं

पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात मोठा स्फोट उरकला, तर पुढे चढायला पायरीच राहत नाही. 'जॉज'मध्ये (१९७५) यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गला त्याच्याशिवाय काम भागवावं लागलं आणि शार्क कुठे आहे ते त्याच्या अंगाला अडकवलेली, पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं सांगू लागली. तेवढ्याने अंगावर काटा येतो. हाताशी सगळी साधनं असतानाही असं हात राखून दाखवायचं ठरवता येतं.

आवाजाचंही तेच. पार्श्वसंगीत पहिल्यापासून टिपेला असेल तर कान बधिर होतात. 'बुलिट'मधला (१९६८) गाड्यांचा प्रसिद्ध पाठलाग खरा पेटतो तेव्हा संगीत थांबतं, मग फक्त इंजिनं आणि टायर ऐकू येतात.

शूटिंग उरकलंय, आता काय?

इथेही बरंच वाचवता येतं. मारामारी लांबलेली वाटत असेल तर ठोसे मोजू नका, त्यातले निर्णय शोधा. पळायचं की थांबायचं, मारायचं की सोडायचं, असा एकही क्षण नसेल तर प्रसंग निर्दयपणे निम्मा करा. असा क्षण असेल तर त्याच्या आधी चेहऱ्याचा एक शॉट दोन सेकंद जास्त ठेवा. तो शॉट घेतलाच नसेल, तर मोठं रीशूट लागत नाही. तोच कलाकार, तसाच प्रकाश आणि पाठीमागे साधी भिंत, एवढ्यावर अर्ध्या दिवसात क्लोजअप मिळतो. नायकाचा हेतू धूसर असेल तर पाठमोऱ्या शॉटवर एक वाक्य डबिंगमध्ये घालता येतं, पण एकच. तीन-चार घातलीत की ठिगळ दिसतं.

आणि सिनेमा ज्याने आधी पाहिला नाही अशा कुणाला तरी आवाज बंद करून क्लायमॅक्स दाखवा. कोण कुणाच्या मागे आहे, का आहे आणि शेवटी कुणाचं काय गेलं, एवढंच विचारा. तो जिथे अडखळेल, तिथली मिनिटं लिहून घ्या आणि एडिटिंगला तिथूनच सुरुवात करा.