ऋतू समजावून सांगताना या चुका टाळा

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, ही समजूत शाळा सोडून कितीतरी वर्षे झालेल्या माणसांच्याही मनात टिकून असते, आणि ती मोडायला एकच गोष्ट पुरेशी आहे: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते ती जुलैच्या सुरुवातीला. शिवाय अंतरावर ऋतू ठरले असते, तर पुण्यात थंडी पडलेली असताना मेलबर्नमध्ये उन्हाळा नसता.

या समजुतीचे मूळ बहुतेक वेळा आकृतीत असते. पृथ्वीची कक्षा फळ्यावर अंड्यासारखी लांबट काढली जाते. प्रत्यक्षात ३० सेंटीमीटर व्यासाची कक्षा प्रमाणात काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांतला फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षाही कमी भरेल, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेत तो झाकून जाईल. सूर्य मात्र मध्यापासून अडीच मिलिमीटर बाजूला येईल. म्हणून कक्षा कंपासने वर्तुळाकारच काढावी. कक्षा तिरकस कोनातून पाहिल्याचे चित्र वापरायचेच असेल, तर ती लांबट का दिसते हे आधी सांगावे.

अंतराची चूक सुधारली की तिचेच दुसरे रूप पुढे येते: सूर्याकडे कललेला गोलार्ध सूर्याच्या अधिक जवळ जातो, म्हणून तापतो. पृथ्वीचा सगळा व्यासच तेरा हजार किलोमीटरच्या आत आहे. जिथे पन्नास लाख किलोमीटरच्या फरकाने ऋतू ठरत नाहीत, तिथे या काही हजारांचा काय पाड? कलण्याने बदलतात त्या दोन गोष्टी: सूर्याची उंची आणि दिवसाची लांबी. पुण्यात २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे डोक्यावर असताना एक चौरस मीटरवर पडणारे ऊन तेव्हा जवळजवळ १.३५ चौरस मीटरवर पसरते आणि तितके सौम्य होते. दिवसही अकरा तासांचा. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र पृथ्वीगोल हातात घेतल्यावर होते, आणि ती चांगली तयारी करून आलेल्या शिक्षकांकडूनही होते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. सूर्य म्हणून ठेवलेल्या दिव्याभोवती फिरताना आपण नकळत स्वतःही वळतो, त्याबरोबर गोलाचा स्टँड वळतो, आणि कललेली आस प्रत्येक ठिकाणी दिव्याकडेच राहते. असे केल्यास वर्षभर एकच ऋतू दाखवला जातो! मुले गोंधळतात आणि मग ‘आस पुढेमागे झुलते’ असा स्वतःचा निष्कर्ष काढतात. उपाय सोपा आहे. खोलीतली एक भिंत ध्रुवताऱ्याची दिशा म्हणून ठरवावी, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत गोलाचे उत्तर टोक त्याच भिंतीकडे कललेले ठेवावे. आसेचा कल सुमारे २३.५ अंश आणि तिची दिशा, दोन्ही वर्षभर तशीच राहतात. बदलते ती फक्त पृथ्वीची कक्षेतली जागा. दिवा गोलाच्या मध्याच्या उंचीवरच असावा, नाहीतर प्रकाश वरच्या किंवा खालच्या अर्ध्या भागावरच जास्त पडतो.

सूर्याची उंची पाहण्यासाठी अंगणात उभ्या काठीची सावली मोजताना आकडे जुळत नसतील, तर आधी काठी ओळंब्याने तपासावी आणि मग घड्याळाकडे पाहावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची असल्यामुळे पुण्यात सूर्य दिवसातली सर्वाधिक उंची सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी गाठतो, फेब्रुवारीत तर पाऊण वाजून गेल्यावर. बरोबर १२ वाजता घेतलेली सावली मध्यान्हीची नसतेच. आणखी एक गोष्ट अनेकांना चुकीची वाटते: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यातली मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. मोजणी बरोबर असते; त्या काळात सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तरीही आपल्याकडे जूनच्या अखेरीपेक्षा मे अधिक तापतो, कारण जूनमध्ये मोसमी ढग आणि पाऊस येतात.

राहिली संक्रांत. ‘मकरसंक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो’ हे वाक्य आजही सर्रास लिहिले जाते. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसेची दिशा शतकानुशतके अगदी हळूहळू फिरत असल्यामुळे, संक्रांत आणि सूर्य वळण्याचा दिवस एकमेकांपासून सरकले असून सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. ज्यांना हे स्वतः पडताळायचे असेल त्यांनी पश्चिमेच्या खिडकीतून २२ डिसेंबरचा सूर्यास्त कुठल्या झाडामागे किंवा इमारतीमागे होतो याची खूण करून ठेवावी. तिळगूळ वाटायच्या संध्याकाळी सूर्य त्या खुणेच्या उजवीकडे, स्वतःच्या बिंबाच्या सुमारे चौपट अंतरावर मावळताना दिसेल.