पत्रकार पाड्यावर येण्याआधी: आदिवासी पर्यटनाच्या प्रसिद्धीची तयारी

डहाणू, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करणाऱ्या गटांना जाहिरातीचा खर्च सहसा झेपत नाही, त्यामुळे वृत्तपत्रांच्या पुरवण्या, प्रवासविषयक मासिके आणि यूट्यूबवरील व्लॉगर यांच्याशी हातमिळवणी करणे हा त्यांच्यापुढचा सोयीचा मार्ग असतो. मात्र पहिला फोन करण्याआधी विषय ग्रामसभेत मांडावा. 1996 च्या पेसा कायद्याने (पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांपर्यंत नेणारा कायदा) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा काय दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे, याचा ठराव तिथेच लिहून घ्यावा. वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी विधीचित्र, हे याचे उत्तम उदाहरण आहे. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात (‘काढतात’ असे तिथे म्हणत नाहीत) आणि ते लिहिणे हाच एक विधी असतो. तो कॅमेऱ्यासाठी एरवी लिहावा की नाही, हे गावाने ठरवायचे आहे. विक्रीसाठी कागदावर वा कापडावर केलेल्या चित्रांना हा प्रश्न लागू होत नाही.

त्यानंतर पाड्याचे वर्ष एका कागदावर मांडावे. भात तयार झाल्यापासून दिवाळीपर्यंत तारप्याचे (भोपळ्याच्या फुंकवाद्याचे आणि त्यावरच्या नाचाचे) दिवस असतात, तर होळीनंतर काही गावांत बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचवायची, सोंगे निघतात. पत्रकाराला याच दिवसांत बोलवावे, कारण भर मे महिन्यात पैसे देऊन नाचवलेला तारपा छायाचित्रात देखणा दिसला, तरी तो लेख वाचून आलेल्या पाहुण्याला गावात प्रत्यक्षात काहीच सापडत नाही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, हेही संपर्क साधताना ध्यानात ठेवावे.

मजकूर कधी प्रसिद्ध होणार, हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. अकोले तालुक्यात भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे चमकतात. ऐन हंगामात व्हिडिओ पसरला, की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटच्या उजेडात काजव्यांच्या मीलनाचे संकेतच हरवतात. अशा ठिकाणी या वर्षीचे चित्रीकरण पुढच्या वर्षी, नोंदणीच्या अटींसह, हंगामाआधी प्रसिद्ध करण्याची अट घालावी. ही अट नाकारणाऱ्या व्लॉगरला, त्याचे प्रेक्षक कितीही असले, तरी नम्रपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रकाराला द्यायच्या टिपणात मुक्कामाची क्षमता, शौचालयांची स्थिती, मोबाइलची रेंज, जेवणाचे दर आणि शेवटच्या एसटीची वेळ प्रामाणिकपणे लिहावी. डहाणू रोडला लोकल येते. जव्हारला रेल्वे नाही. ही गैरसोय लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

अटी एका पानात, मराठीत लिहून दोघांनी सही करावी. मुक्काम आणि प्रवास गटाने फुकट दिला असेल, तर तसा उल्लेख मजकुरात असावा. समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी मोबदल्याचा मजकूर जाहिरात म्हणून दाखवावा, अशी भारतीय जाहिरात मानक परिषदेची 2021 पासूनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. चित्राखाली ‘वारली कला’ एवढेच न छापता कलाकाराचे नाव आणि गाव त्याच्या संमतीने छापावे. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्याचा लाभ नाव छापल्याशिवाय त्या घरापर्यंत पोचत नाही. ‘आदिम’, ‘जगापासून तुटलेले’ असे शब्द टाळण्याची विनंतीही याच पानावर करावी. लेखावर मात्र हक्क सांगू नये: नावे, दर आणि विधींची माहिती तपासून द्यावी, मताला हात लावू नये, अन्यथा चांगला पत्रकार दुसऱ्यांदा फिरकणार नाही.

मजकूर आल्यावर त्याची एक प्रत ओट्यावर बसून सर्वांना वाचून दाखवावी, आणि पुढच्या तीन महिन्यांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ‘आमच्याविषयी कुठे वाचलेत?’ असे विचारून नोंदवहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचे, हे त्या वहीवरून ठरवता येते.